वांग्याच्या मुळाशी बंबाखू

मैत्रिणींनो, एखादं फूल कौतुकानं घरी आणून पाण्याच्या पेल्यात ठेवावं आणि नंतर कळावं की आपल्या पिकाचा जीव घेणारा तोच आहे, असं कधी झालंय तुमचं? माझं झालंय. 2021 च्या डिसेंबरात.

आमच्या बचत गटातल्या अकरा जणींनी त्या वर्षी कागल भागात वीस गुंठे रान खंडानं घेतलं होतं. प्रत्येकीचे हजार रुपये. पापड-लोणच्याच्या पलीकडे काहीतरी करू या, हा हट्ट माझाच. मी कला शाखेची पदवीधर, शेतीतलं ज्ञान परसबागेएवढं. पण बाकीच्या दहा जणींचे हात खुरप्यावर बसलेले होते, त्यामुळे धीर होता. रान पूर्वी तंबाखूचं. निपाणीच्या आजूबाजूच्या त्या पट्ट्यात तंबाखूचं रान म्हणजे कसदार रान, असा समज. सप्टेंबरअखेर वांग्याची रोपं लावली. ती अशी काही फुटली, की आम्ही मनातल्या मनात बाजाराचा हिशेबही मांडून बसलो!

डिसेंबरात झाडं दुपारची माना टाकू लागली. पाणी कमी पडतंय म्हणून पाणी वाढवलं. मग युरिया दिला. खताच्या दुकानात एकानं टॉनिकची बाटली गळ्यात मारली, तीही फवारली. काही उपयोग नाही. त्याच आठवड्यात झाडांच्या बुडाशी जमिनीतून फिकट पिवळसर कोंब वर आले. पान एकही नाही, नुसता जाडसर दांडा, आणि वर निळसर जांभळी फुलं. दिसायला खरंच देखणी. मी पाच-सहा तोडून घरी आणली.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी रानात आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. "अवो ताई, फुलं कसली बघतायसा? बंबाखू हाय त्यो! तंबाकूच्या रानात हयात गेली माझी, म्या वळखत न्हाई व्हय त्याला?"

बंबाखू म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारं तण. त्याच्यात हिरवा रंगच नसतो, त्यामुळे स्वतःचं अन्न त्याला करता येत नाही. त्याचं मूळ पिकाच्या मुळात घुसतं आणि तयार जेवण ओढून घेतं. तंबाखू, वांगं, टोमॅटो ही एकाच कुळातली भावंडं, म्हणून तिघांवरही ते येतं. बी धुळीसारखं बारीक, आणि एका झाडाला हजारोंनी, कधी लाखाच्या घरात धरतं. ते मातीत दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त काळ गप्प पडून राहतं. शेजारी आवडीच्या पिकाचं मूळ आलं, त्या मुळातून पाझरणाऱ्या द्रव्याचा सुगावा लागला, की मगच उगवतं. म्हणजे आमच्या रानातलं बी तंबाखूच्या दिवसांपासून वाट बघत होतं, आणि आम्ही वांगी लावून त्याला आवतण दिलं.

खरी चूक मात्र त्यानंतरची, आणि ती सांगायला मला आजही लाज वाटते. आम्ही सगळा बंबाखू उपटला. त्यातला बराच फुलून बोंडावर आलेला होता. "टाका उकिरड्यावर, कुजून खत होईल," असं मीच सांगितलं. थोडा शेळ्यांनी खाल्ला. हे बी शेळीच्या पोटातून लेंडीवाटे सहीसलामत बाहेर पडतं, हे कुणाला माहीत! पुढच्या वर्षी त्याच उकिरड्यातलं दोन पाट्या खत मी माझ्या परसात टोमॅटोला घातलं. 2022 च्या हिवाळ्यात माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तीच जांभळी फुलं उभी! अकरा जणींचे पैसे बुडाले होतेच, वर मी दुखणं घरी आणलं.

"तणनाशक मारलं तर?" असं मला पुष्कळ जणी विचारतात. बाई गं, ते पिकाच्या मुळाला चिकटलेलं असतं. त्याला मारायला गेलीस तर वांगंच आधी जायचं. मावशींनी आणि नंतर कृषी सहायकांनी जे सांगितलं, ते आम्ही केलं. कोंब जमिनीतून डोकावला, की फूल यायच्या आत त्याच्या शेंड्यावर गोडेतेलाचे दोन थेंब. आम्ही सोयाबीनचं तेल आणि बाळाच्या औषधाचा ड्रॉपर वापरला. काही दिवसांत कोंब काळा पडून वाळतो. फुललेला असेल तर उपटून पिशवीत भरायचा आणि रानाबाहेर नेऊन जाळायचा. एक गोष्ट समजून घ्या, कोंब वर दिसेपर्यंत त्यानं जमिनीखाली पिकाचं बरंच शोषून घेतलेलं असतं. हा खटाटोप या वर्षीचं वांगं वाचवायला कमी आणि पुढच्या वर्षीचं बी पडू नये म्हणून जास्त. दर आठ दिवसांनी फेरी मारावी लागते, कंबर मोडते. पुरुषमंडळी बांधावर उभी राहून "तेलाचा खर्च किती?" विचारतात, ते वेगळं.

2022 च्या पावसाळ्यात त्या रानात आम्ही तीळ आणि मूग घेतला. त्यांच्या मुळांच्या पाझरानं बंबाखूचं बी फसतं आणि उगवतं. पण त्या मुळांवर त्याला जगता येत नाही. आवतण खरं, पंगत खोटी! वांगं-टोमॅटो लागोपाठ घेणं बंद केलं, मध्ये मका आणि कांदा आणला. बाधलेल्या सरीला पाणी शेवटी देतो, कारण पाण्याबरोबर बी पुढं वाहतं. तिथली खुरपणीही शेवटी, आणि खुरपी, चपला धुऊनच घरी. रोपांच्या वाफ्याची माती मे महिन्यात भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक पसरायचं, कडा मातीनं दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे उन्हात तापू द्यायची. प्लॅस्टिक काळं नको.

याच जातीची दुसरी अवदसा म्हणजे अमरवेल, ती पिवळ्या दोऱ्यांची. ती मुळावर नाही, खोडावर चढते. कांदा, मिरची, लसूणघास काही वर्ज्य नाही. तिचं बी आपलं आपण उगवतं, पण थोड्या दिवसांत आधार मिळाला नाही तर मरतं. बहुतेकदा ती येते लसूणघासाच्या बियाण्यातून, म्हणून खात्रीचं बियाणं घ्या. दिसली की नुसते दोरे ओढत बसू नका. तुटलेला तुकडासुद्धा पुन्हा चिकटतो. ती जिथवर पसरली तिथवरचं पीक तिच्यासकट कापून जाळायचं. जीव तुटतो, पण करायचं.

आता झाडानं मान टाकली की दरवेळी बंबाखूच, असं मात्र धरून चालू नका. एक झाड हळूच उपटून मुळं बघा. मुळं फुगून त्यांच्या गाठी झाल्या असतील तर सूत्रकृमी. मुगा-चवळीच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या पिकाच्या भल्याच्या. मुळाच्या कडेला चिकटलेल्या आणि नखानं सहज सुटणाऱ्या. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, ते सुटत नाही. तिथं झेंडूची फेरपालट कामी येते. वांग्याचा नुसता शेंडाच वाळला असेल तर आत अळी आहे. छिद्राच्या खालून शेंडा खुडून नष्ट करा. भेंडीची पानं पिवळ्या जाळीची झाली तर तो केवडा, पांढऱ्या माशीनं आणलेला. तसलं झाड दिसताक्षणी उपटलेलं बरं.

आमच्या रानातला बंबाखू पुरता गेलेला नाही, कमी झालाय. 2023 मध्ये अर्ध्याच रानात वांगी लावली, तेव्हा खंड भागून वर थोडे पैसे उरले. ते पहिल्या वर्षी बुडालेल्या हजारांत जमा केले. सगळे अजून फिटायचेत आणि वहीत प्रत्येकीच्या नावापुढं तसं लिहिलेलं आहे. माझ्या परसात मात्र टोमॅटो बंद. तिथं तूर्त कांदा आणि मेथी, आणि थंडी पडली की रोज सकाळी चहाआधी मी खिडकीतून वाकून जमीन बघते.