तरवडाचे बी

वाशिम जिल्हा १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. पण वाशिम हे गाव फार जुने आहे. वाकाटक राजांच्या काळी त्याला वत्सगुल्म म्हणत. संस्कृतात ‘गुल्म’ या शब्दाचा एक अर्थ झुडूप असा आहे. या नावाला शोभावे असे एक झुडूप इकडच्या मुरमाड माळावर आपोआप वाढते. ते म्हणजे तरवड.

तरवडाची फुले पिवळीधमक असतात. त्यांत मध नसतो, आणि परागही सहजासहजी हाती लागत नाहीत. कारण परागकोशाच्या टोकाशी केवळ बारीक छिद्रे असतात. भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा कोठे त्या छिद्रांतून पराग बाहेर उडतात. गुरे या झुडपाला सहसा तोंड लावीत नाहीत. त्याच्या सालीने पूर्वीपासून कातडी कमावीत आले आहेत. शेजारच्या तेलंगणाने तर या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला आहे.

तरवडाच्या चपट्या शेंगा वाळल्या, की त्यांतील बी काढून ओल्या मातीत टाकून पाहा. कित्येक दिवस ते जसेच्या तसे पडून राहील! बी मेले असे समजू नका. त्याचे कवच इतके कठीण असते, की पाणी आत शिरत नाही. हा दोष नव्हे. मृगाचा पाऊस पडून जातो आणि पुढे कधी कधी पंधरा-पंधरा दिवस आभाळ कोरडे राहते. पेरलेले सोयाबीन एकाच ओलीवर सगळे उगवते आणि उघडीप लांबली की करपते. शेतकऱ्यावर दुबार पेरणीचा प्रसंग येतो. तरवडाचे तसे नाही. एका बियाचे कवच यंदा झिजते, दुसऱ्याचे पुढल्या वर्षी. त्यामुळे जमिनीत काही बी नेहमीच शिल्लक राहते.

आपल्याला मात्र इतकी वाट पाहावयाची नसते. म्हणून बियांवर कढत पाणी ओतावे व ते निवत रात्रभर ठेवावे. सकाळी जे बी फुगले असेल तेवढेच पेरावे. न फुगलेले खरखरीत दगडावर हलकेच घासून पुन्हा भिजवावे. माती, वाळू व कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल बी पुरावे. पिशवीला खाली भोके हवीत, कारण साचलेले पाणी या रोपाला सोसत नाही. त्याचे सोटमूळ झपाट्याने खाली जाते. ते पिशवीत वेटोळे घालू लागण्यापूर्वीच, पावसाची झड चांगली लागली असता, रोप कुंपणाकडेला लावावे.