परदेशातला जोडधंदा : आधी नोंद, मग काम

अंबड तालुक्यात धुळे-सोलापूर महामार्गावर वडीगोद्री आहे. पैठणच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस होतो. इथल्या शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. लागण झाली, की कारखान्याकडे उसाची नोंद करायची. नोंद नसेल, तर ऊस कितीही जोमदार असो, तोडीची वाट बघत बसावे लागते. सातबाऱ्याचेही तसेच. २०२१ पासून आपण मोबाईलवर ई-पीक पाहणी करतो. पेरा लागला नाही, की मदतीच्या वेळी तलाठ्याकडे हेलपाटे सुरू होतात.

वाचकहो, नोंदीची ही गोष्ट आज काढण्याचे कारण निराळे आहे. आपली मुले आता दूरदेशी जाऊ लागली आहेत. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांसाठी जर्मनीचे नाव खेड्यापाड्यांतही ऐकू येते. कोणी शिक्षणासाठी जातो आणि तिकडेच नोकरीला लागतो.

समजा, असा एक मुलगा तुमच्याच घरचा आहे. रविवारी त्याचा फोन येतो. "आबा, पगार बरा आहे, पण घरभाड्यातच बराच जातो. संध्याकाळी दोन तास मोकळे असतात. पुण्याच्या एका कंपनीचे संगणकाचे काम मिळते आहे. पैसे तुमच्याच खात्यावर टाकायला सांगतो."

ऐकून बरे वाटते. पीककर्ज भरायचे असते, धाकटीचे लग्न ठरत आलेले असते. मुलगा कष्टाळू निघाला याचा अभिमानही वाटतो. पण "हो" म्हणण्याआधी क्षणभर थांबा. कामात वाईट काही नाही. जोडधंद्याने अनेक घरे सावरली आहेत. मात्र परक्या मुलखात नोंदीवाचून केलेला जोडधंदा मूळ नोकरीवरच येऊ शकतो. म्हणून मुलाला या गोष्टी विचारा.

तुझ्या परवान्यावर काय लिहिले आहे?

जर्मनीत राहण्याचा परवाना नोकरीसाठी मिळालेला असतो. त्यावर फक्त नोकरीचा उल्लेख असेल, तर स्वतंत्र धंदा करता येत नाही. त्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात वेगळी परवानगी मागावी लागते. कायद्यात तशी सोय आहे, पण परवानगी आधी आणि काम नंतर, हाच क्रम. हा क्रम उलटला तर दंड होऊ शकतो, परवान्याच्या नूतनीकरणात अडथळा येऊ शकतो. नोकरी कायम राहूनही मुलाला घरी परतावे लागले, तर त्या जोडकमाईचा काय उपयोग?

मालकाला सांगितलेस का?

बहुतेक नेमणूकपत्रांत जोडकामाबद्दल एक कलम असते. ते वाचून मालकाला लेखी कळवावे. काम मालकाच्या धंद्याशी स्पर्धा करणारे नसेल आणि त्यापायी नोकरीत कसूर होणार नसेल, तर मालक सहसा उगाच आडकाठी करू शकत नाही. हक्काच्या भरपगारी रजेचा हेतू विश्रांती हा आहे, त्या रजेत त्याला बाध आणणारे कमाईचे काम तिथला कायदा करू देत नाही. आजारपणाची रजा काढून दुसरे काम करणे तर नोकरीवरच बेतते.

नोंद कुठे केलीस?

तिथे कामाचे दोन प्रकार मानतात. शिकवणे, भाषांतर, लेखन, अभियंत्याचा सल्ला ही स्वतंत्र व्यवसायाची कामे. त्यांची नोंद कर कार्यालयात होते. माल विकणे, खाद्यपदार्थ करून देणे हा व्यापार. त्यासाठी आधी नगरपालिकेच्या व्यवसाय कार्यालयात नोंद करून थोडे शुल्क भरावे लागते. संगणकाचे काम कधी या बाजूला, कधी त्या बाजूला जाते. म्हणून आधी विचारून घ्यावे.

दोन्ही प्रकारांत काम सुरू केल्यापासून एक महिन्याच्या आत कर कार्यालयाचा अर्ज संगणकावरून भरायचा असतो. मग कर क्रमांक मिळतो आणि तो बिलावर लिहावा लागतो. विक्रीकराच्या बाबतीत लहान व्यावसायिकाला सवलत आहे. २०२५ पासून मागील वर्षाची उलाढाल २५,००० युरोपर्यंत आणि चालू वर्षाची १,००,००० युरोपर्यंत असेल, तर बिलावर तो कर लावावा लागत नाही. उत्पन्नावरचा कर मात्र वेगळा. जोडकमाईचा नफा पगारात मिळवून वर्षाचे विवरणपत्र भरावे लागते. आरोग्य विमा संस्थेलाही कळवावे. नोकरी हेच मुख्य काम राहिले, तर जोडकामापायी हप्ता सहसा वाढत नाही.

पैसे आबांच्या खात्यावर का?

ही गोष्ट आपल्या घरची आहे, म्हणून नीट ध्यानात घ्या. कंपनी पुण्याची आहे, पैसे गावच्या बँकेत येतात, म्हणून काम भारतातले ठरत नाही. मुलगा जिथे बसून काम करतो, तिथले ते काम. शिवाय कंपनीने कर कापला, तर त्याची नोंद वडिलांच्या पॅन क्रमांकावर होते. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, पण ही रक्कम शेतीची नव्हे. ज्याने काम केले नाही, त्याच्या नावावर कमाई दाखवली, की उद्या नोटीस आबांना येणार आणि उत्तर देता देता दोघांचीही पंचाईत होणार. काम ज्याचे, बिल त्याचे आणि खातेही त्याचेच असावे. घरी पाठवायचे ते त्याने आपल्या खात्यातून पाठवावे.

देश तसा नियम

जर्मनीचा नियम दुसरीकडे चालत नाही. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर, ज्या मालकाने अर्ज केला त्याच्याकडेच काम करता येते. दुसऱ्या मालकाला वेगळा अर्ज करावा लागतो. इंग्लंडमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसावर आठवड्याला २० तासांपर्यंत ठराविक प्रकारची जादा नोकरी चालते, स्वतंत्र धंदा चालत नाही. संयुक्त अरब अमिरातीत दुसरीकडे काम करायला परवाना काढावा लागतो. म्हणून "अमक्याचा मुलगा करतो की," या बोलण्यावर जाऊ नका. तो कोणत्या देशात, कोणत्या परवान्यावर आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

वाचकहो, मुलगा सातासमुद्रापार असला, तरी घरची ओढ त्याला स्वस्थ बसू देत नाही. तुम्ही पैशाची अडचण सांगितली, की तो रात्रीची झोप मोडून काम शोधतो. पुढच्या रविवारी फोन आला, की किती मिळतील हे नंतर विचारा. आधी विचारा, "बाळा, नोंद झाली का?" नोंद व्हायला महिना-दोन महिने लागले, तरी तेवढे दिवस आपण इकडे निभावून नेऊ, एवढा धीर त्याला द्या. मग त्याच्या मेहनतीचे पैसे घरी येतील, ते निर्धास्तपणे येतील.