लिंबोणीवरची अळी



परसातील लिंबोणीच्या कोवळ्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखा एक काळापांढरा ठिपका दिसतो. चार दिवसांनी पाने कडेने कुरतडलेली आढळतात. घरातील कर्ते माणूस 'कीड लागली' असे म्हणून तो ठिपका काडीने पाडते आणि चपलेखाली चिरडते. पुढे भाद्रपदात तेच माणूस म्हणते की, पूर्वीसारखी फुलपाखरे आता दिसत नाहीत! या दोन गोष्टींचा परस्परसंबंध काय, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

फुलपाखरे हवीत म्हणजे फुले लावावीत, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. फुलावर फुलपाखरू मधापुरते येते, पोट भरले की निघून जाते. त्याचा वंश चालतो तो पानावर, आणि तेही कोणत्याही पानावर नव्हे. मादी पानावर उतरून ते पायांनी चाचपते. पायांनाच चवीचे ज्ञान असते. ओळखीचे झाड असेल तरच ती अंडे घालते. लेक बाळंतपणाला माहेरीच जाते, तद्वत् प्रत्येक जातीचे माहेर ठरलेले असते. काळ्यापिवळ्या लिंबाच्या फुलपाखराला लिंबोणी, कढीलिंब किंवा बेल लागतो. नारिंगी पंखांच्या, काळ्या कडांच्या फुलपाखराला रुई लागते. रुईच्या विषारी चिकाने त्याचे अंग असे कडू होते की पक्षी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत. पिवळसर पांढऱ्या थव्यांना बहावा आणि टाकळा, तर 'हळदीकुंकू' या सुंदर नावाच्या फुलपाखराला बांडगूळ. अंड्यातून अळी, अळीचा कोश, कोशातून फुलपाखरू, हे सारे उबदार हवेत साधारण महिनाभरात उरकते. त्यांपैकी अळीचे दिवस जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढे दिवस आपण कळ काढीत नाही, हीच खरी अडचण.

२०१५ साली महाराष्ट्र शासनाने 'नीलवंत' या फुलपाखराला राज्याचे फुलपाखरू म्हणून मान दिला. असा मान देणारे हे देशातील पहिले राज्य. हा नीलवंत मोठ्या काळ्या-निळ्या पंखांचा, सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यातला; आणि त्याची अळीही लिंबाच्याच कुळातील पाने खाते. म्हणजे मान राज्याने दिला, पण जेवणाचे पान मांडायचे तुमच्या-आमच्या परसात!

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. पश्चिमेस नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर असा दाट पावसाचा डोंगरपट्टा आहे. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ पासून राखलेले आहे आणि आहुप्याची देवराई तर लोकांनी श्रद्धेने सांभाळली आहे. पूर्वेस नारायणगाव-मंचरकडे द्राक्षे, टोमॅटो, कांदा आणि ऊस. तेथे पिकासाठी औषध फवारावे लागते, आणि औषधाला कीड कोणती नि नीलवंताची अळी कोणती हे कळत नाही. बागाइतदाराने आपल्या पिकावर पाणी सोडावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. लिंबाच्या रोपवाटिकेत हीच अळी नुकसान करते, हेही आम्हांस ठाऊक आहे. परंतु दारातील एका लिंबोणीवर, बांधावरील रुईवर, शाळेच्या कुंपणावर फवारा मारण्याचे कारण काय? डोंगर आणि शिवार यांच्यामध्ये अशी चार-चार झाडांची ठाणी राहिली, तर फुलपाखराला वाटेत मुक्कामाची जागा मिळेल.

हे केवळ पुस्तकी बोलणे नव्हे. ठाण्याजवळ घोडबंदर रस्त्यावर ओवळा गावी ओवळेकर वाडी आहे. तेथे फुलपाखरे बाहेरून आणून सोडली नाहीत की जाळीत कोंडली नाहीत. अळ्यांची आणि मधाची झाडे लावली, आणि फुलपाखरे आपण होऊन आली. आज लोक ती पाहावयास मुद्दाम जातात.

कोणी विचारील, अळ्या वाढल्या तर झाड मरेल ना? सहसा मरत नाही. चिमण्या, बुलबुल आपल्या पिलांना अळ्याच भरवतात, आणि पुष्कळ अळ्या त्यांच्या वाट्याला जातात. उरतात त्या थोड्याच. थोडी पाने गेली तर लिंबोणी पुन्हा पालवते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. देवराईतून वा अभयारण्यातून रोपे उपटून आणू नयेत. बी किंवा फांदी परिचिताकडून घ्यावी, नाहीतर रोपवाटिका आहेच. दुसरे, घाणेरी लावू नये. तिच्या फुलांवर फुलपाखरे झुंबड करतात हे खरे, पण ती मूळची अमेरिकेतली, आणि येथील रानाच्या कडा तिने गिळल्या आहेत. मधासाठी सदाफुली आणि झेंडू पुरे.

आता वैशाखाचे ऊन आहे. खड्डा या दिवसांतच खणून तापू द्यावा, आणि मृगाचा पाऊस पडताच एक कढीलिंब, एक लिंबोणी लावावी. जागा नसेल त्याने कुंडीत कढीलिंब लावावा. आणि पुढे केव्हातरी पानावर तो काळापांढरा ठिपका दिसला, तर काडी हातात घेण्यापूर्वी मुलांना हाक मारावी. आमचे मागणे इतकेच आहे.