तिसऱ्या तासाची सूज

कॅराजीनन मिळतं लाल समुद्रशैवालातून. त्याचं एक टक्का द्रावण, जेमतेम ०.१ मिली, उंदराच्या मागच्या पंजाच्या तळव्यात टोचलं की काही तासांत पंजा टरटरून सुजतो. विंटर, रिस्ली आणि नस यांनी १९६२ साली मांडलेली ही पद्धत आमच्या प्रयोगशाळेत अजून रोजच्या वापरात आहे.

या वेळी तपासायचं होतं रेबामिपाइड. जपानमध्ये १९९० पासून मिळणारं हे अल्सरवरचं औषध आम्ल कमी करत नाही. ते जठराच्या अस्तरातलं प्रोस्टाग्लँडिन वाढवतं, शिवाय फ्री रॅडिकल्सना आणि न्यूट्रोफिल पेशींना आवर घालतं. मला या औषधाची ओढ वाटते ती इथेच. कारण पंजाची सूज वाढते तीही प्रोस्टाग्लँडिनमुळेच. इंडोमेथासिनसारखी वेदनाशामकं ते बनूच देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. सूज उतरते, पण जठराचं संरक्षण जातं. पोट राखून सूज उतरवणारं काही सापडलं, तर सांधेदुखीच्या रुग्णांना त्याचं मोल कळेल.

कॅराजीनन टोचण्याच्या तासभर आधी औषध पाजायचं. डाव्या हातात उंदराची मान सैल न सोडता पण न आवळता धरायची आणि गोल टोकाची सुई जिभेवरून सरकू द्यायची. अडखळली तर रेटायची नाही, बाहेर काढायची. मग घोट्यावर पेनाने रेघ. आकारमान मोजणाऱ्या प्लेथिस्मोमीटरमध्ये पंजा बरोबर त्या रेघेपर्यंतच बुडला पाहिजे. उंदीर पाय आखडतो, रेघ जराशी वर राहते आणि रीडिंग खोटं ठरतं. तो शांत होईपर्यंत थांबायचं, पुन्हा घ्यायचं.

रीडिंग घेणाऱ्याला कुठल्या पिंजऱ्याला काय दिलंय ते कळू द्यायचं नाही, यावर मी अडून बसते. सुजलेला पाय उंदीर जमिनीला टेकवत नाही. एवढी वेदना आपण दिली, तर आकडा तरी खरा हवा. नैतिकता समितीने मंजूर केलेल्या संख्येपलीकडे एकही प्राणी वापरायचा नाही, हेही त्यातच आलं.

पहिल्या तासाच्या सुजेत हिस्टामीन आणि सेरोटोनिनचा हात असतो. तिसऱ्या तासापासून प्रोस्टाग्लँडिन आणि न्यूट्रोफिल जोर धरतात, म्हणून माझं लक्ष त्या रीडिंगकडे जास्त. तिथे सूज कमी दिसली तरी नेमकं काय थांबलं हे मात्र प्लेथिस्मोमीटर सांगत नाही. त्यासाठी पंजाची ऊती घेऊन त्यातलं मायलोपेरॉक्सिडेज मोजावं लागतं. न्यूट्रोफिल किती जमले होते, त्याचा अंदाज त्यातून येतो.