दहावीचे वीस गुण: परीक्षा बदलली की वर्गात काय बदलतं?

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय ‘प्रमाणित परीक्षा आणि त्यांचा अध्यापनावर होणारा परिणाम’ असा लिहिलाय. तो वाचूनही तुम्ही आत आलात, याबद्दल आभार. नाव जड असलं तरी वस्तू घरातली आहे. राज्यातल्या पंधरा लाखांच्या आसपास मुलांना एकाच दिवशी, एकाच वेळेला, सारखीच प्रश्नपत्रिका द्यायची; कशाला किती गुण ते आधीच ठरवून ठेवायचं; आणि तपासणाऱ्याला मुलाचं नाव कळू द्यायचं नाही. झाली प्रमाणित परीक्षा. आपण तिला दहावी म्हणतो.

मी परळच्या एका मराठी शाळेत जवळजवळ तीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं बोर्डाचे पेपर तपासले. त्यामुळे सुरुवात करते ती बोर्डाच्याच तीन आकड्यांपासून. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० वर आला. २०२० साली ९५.३० वर गेला. शंभर टक्के गुण मिळवणारी मुलं पहिल्या वर्षी १२५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी २४२. आता एका वर्षात महाराष्ट्राची अक्कल बारा टक्क्यांनी घटली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी वाढली, असं तर काही झालं नसणार.

झालं होतं ते असं. २०१८ पर्यंत भाषेच्या १०० गुणांपैकी ८० लेखी आणि २० तोंडी असायचे. तोंडीचे २० शाळेनेच द्यायचे. समाजशास्त्रांतही २० अंतर्गत होते. २०१८-१९ या वर्षापासून हे वीस गुण काढले आणि पेपर पुरा १०० गुणांचा लेखी केला. त्याच वर्षी अभ्यासक्रम नवा होता, प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली होती, म्हणून घसरणीचं सगळं खापर वीस गुणांवर फोडता येणार नाही. पण साधा हिशोब करा. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात. शाळेने १८ हातावर ठेवले असतील, तर लेखीतून फक्त १७ आणायचे. ते १८ गेले, की ३५ च्या ३५ कागदावरून काढायचे. पुढच्या वर्षी वीस गुण परत आले आणि निकालही परत आला. (२०२० ला टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता आणि त्याचे गुण सरासरीने दिले होते, तेही ध्यानात ठेवू.)

इथपर्यंतचं वर्तमानपत्रांत येऊन गेलंय. वर्गात काय झालं ते आलं नाही.

तोंडी परीक्षा कागदावर फार सुंदर होती: श्रवण, भाषण, वाचन. प्रत्यक्षात साठ मुलं आणि हातात दोन-तीन तासिका. “वाच बाळा दोन ओळी.” अठरा. पुढचा. एक मुलगी आठवते, वर्षभरात वर्गात चार वाक्यं बोलली नसेल. तोंडीला माझ्यासमोर उभी राहिली, ओढणीचं टोक पिळत, एक शब्द नाही. मी तिला १९ दिले. तिचं लेखन चांगलं होतं, हे एक कारण. दुसरं कारण, शेजारच्या शाळेत सगळ्यांना वीस मिळणार हे मला ठाऊक होतं. खरे गुण दिले असते तर माझा प्रामाणिकपणा शाबूत राहिला असता आणि तिचा अकरावीचा प्रवेश गेला असता. ज्यांनी हे वीस गुण काढले, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गुण खोटे होते आणि मी त्यातली एक खोटारडी.

तरी पण. या निमित्ताने का होईना, जानेवारीत आठ-दहा दिवस मुलं वर्गात बोलायची. मी त्यांना एक काम द्यायचे: घरातल्या किंवा चाळीतल्या म्हाताऱ्या माणसाला गाठायचं, गिरणीतलं एखादं काम नीट समजून घ्यायचं आणि पाच मिनिटं वर्गाला सांगायचं. लालबाग-परळमध्ये असे आजोबा अजून होते. साचा म्हणजे काय, बदली कामगार कोणाला म्हणायचे, तिसरी पाळी संपवून आलेला माणूस दहा बाय दहाच्या खोलीत दिवसा झोपायचा कसा. एरवी ‘सर, बाई’ यापलीकडे न बोलणारा मुलगा भोंग्याची वेळ सांगताना हातवारे करायचा. जून २०१८ मध्ये वीस गुण गेल्याचं कळलं आणि त्या वर्षीच्या जानेवारीत मी ते आठ-दहा दिवस पत्रलेखन आणि बातमीलेखनाच्या सरावाला दिले. मुख्याध्यापकांनी सांगितलं नव्हतं, पालकांनी सांगितलं नव्हतं. मीच बंद केलं. भाषणाला गुण नव्हते आणि पेपर शंभराचा झाला होता.

मला आजही टोचतं ते हे, की वीस गुण परत आले त्याचा मुलांच्या बोलण्याशी काडीचा संबंध नव्हता. जून २०१९ मध्ये मुंबईत अकरावीच्या प्रवेशाची रांग लागली. सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांकडे अंतर्गत गुण होते, आपल्या मुलांकडे नव्हते. गहजब झाला. केंद्रीय बोर्डांच्या मुलांचे अंतर्गत गुण प्रवेशासाठी धरू नयेत अशी मागणी झाली. शेवटी राज्याने आपले वीस गुण परत आणले. म्हणजे मुलांनी वर्गात मराठी बोलावं की नाही, हे रुईया, रुपारेल, झेवियर्सच्या कटऑफवरून ठरलं.

हे आजचं नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, आणि पहिली कित्येक दशकं त्याचं मुख्य काम शिकवणं नव्हतंच, परीक्षा घेणं होतं. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या खेपेला उत्तीर्ण झालेले. मॅट्रिक ही विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. पण गिरगावातल्या आणि गावोगावच्या हायस्कुलांनी काय शिकवायचं, तेही तिनेच ठरवलं. पुढे विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा बाहेर गेल्या, आणि मराठीला तिथे जागा मिळावी म्हणून याच रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट करावी लागली. परीक्षेच्या यादीत नाव नसेल तर विषयाला वर्गात कोणी विचारत नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

त्याच काळात इंग्लंडमध्ये आणखी एक प्रकार सुरू झाला होता. १८६२ पासून शाळेला अनुदान द्यायचं ते मुलांच्या निकालावर. इन्स्पेक्टर यायचा, मुलांकडून वाचन, लेखन, गणित करवून घ्यायचा, आणि जितकी मुलं पास तितके पैसे. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी स्वतः शाळा तपासनीस होता. शिकवणं यांत्रिक होतंय असं तो आपल्या अहवालांत वर्षानुवर्षं लिहीत राहिला. ही ‘निकालावर अनुदान’ पद्धत मुंबई इलाख्यातही आली आणि १८८२ च्या हंटर आयोगापुढे तिच्यावर चर्चा झाली. म्हणजे आजच्या रोगाचं निदान दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. १९७० च्या दशकात डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ते नियमासारखं मांडलं: एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा बिघडेल आणि ज्याचं मोजमाप तो करतो ते कामही बिघडवेल. यात परीक्षेपेक्षा तिच्यावरच्या ओझ्याकडे बघायचं आहे.

मग परीक्षा काढूनच टाका, असं काही जण म्हणतात. इथे मी थांबते, कारण मी गिरणगावात शिकवलंय. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि नंतर गिरण्या तशा राहिल्याच नाहीत. त्याआधी बापाच्या नाहीतर जॉबरच्या ओळखीने पोरगं गिरणीत चिकटायचं. ती वाट बंद झाल्यावर बँक, बेस्ट, पालिका, पोस्ट यांच्या दारात उभं राहायला एकच कागद होता, दहावीची गुणपत्रिका. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगपासून या भागाला रात्रशाळांची परंपरा आहे. दिवसभर काम करून आलेला माणूस तिथे शिकायचा आणि दिवसाच्या शाळेतल्या मुलाचाच पेपर लिहायचा. माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा यायचा तेव्हा हिंदू कॉलनीतली कुठली आणि बीडीडी चाळीतली कुठली, मला कळायचं नाही. आडनाव नाही, जात नाही, पत्ता नाही. आपल्या समाजात इतकी आंधळी आणि म्हणून इतकी न्यायी जागा दुसरी दाखवा. चाळीतल्या पालकांचा परीक्षेवर विश्वास आहे तो भाबडेपणाने नाही. मुलाखत, शिफारस, ‘व्यक्तिमत्त्व’ यात आपलं पोर मागे पडणार, हे ते अनुभवाने जाणतात.

अडचण अशी की या एका कागदाला आपण दोन कामं लावली. मूल काय शिकलं हे सांगायचं, आणि मोजक्या कॉलेजांच्या जागा वाटायच्या. पहिल्या कामाला ढोबळ माप पुरतं. दुसऱ्याला पुरत नाही. २०१० पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’, म्हणजे ५०० पैकी गुण. एक गुण म्हणजे ०.२ टक्के, आणि ऑनलाइन प्रवेशाच्या यादीत तेवढ्यावर कॉलेज बदलतं. असं झालं की जो प्रश्न मुलाला विचार करायला लावील तो कोणालाच नको असतो, कारण त्याचे गुण वादग्रस्त होतात. सगळ्यांना हवा असतो तो नेमका, अपेक्षित प्रश्न. दादर स्टेशनच्या बाहेर पडा, ‘२१ अपेक्षित’चे गठ्ठे मांडलेले दिसतील. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. माझ्याही टेबलावर असायचा.

नव्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न आहे. कल्पना उत्तम: मुलाने स्वतःचं मत लिहावं. वर्षभराच्या आत स्वमत छापून मिळायला लागलं. एका गठ्ठ्यात मला अकरा मुलांचं स्वतःचं मत शब्दशः सारखं सापडलं, स्वल्पविरामासकट. गुण द्यावे लागले, कारण मुद्दे बरोबर होते. आणि एका मुलीने खरोखरच वेगळं काहीतरी लिहिलं होतं, थोडं विस्कळीत, पण तिचं. तिला मी किती दिले? अर्धा कमी. नमुना उत्तरातला एक मुद्दा तिच्यात नव्हता.

२०२१ साली परीक्षाच झाली नाही. नववीचे ५०, दहावीच्या वर्षातल्या मूल्यमापनाचे ३० आणि अंतर्गत २०, असं सूत्र लावलं आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. मग अकरावीसाठी वेगळी सीईटी घ्यायचं ठरलं, ती ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. त्या वर्षी दोन्ही कामं उघडी पडली. शिकल्याचा दाखला सगळ्यांना मिळाला, त्यावर कोणी भांडलं नाही. भांडण झालं ते फक्त रांगेवरून.

याच्या उलट एक परीक्षा बघा. ‘प्रथम’ ही संस्था १९९० च्या दशकात याच शहराच्या वस्त्यांत सुरू झाली. तिच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ पाहणी होते, ग्रामीण भागात. स्वयंसेवक घरी जातो, मुलाशेजारी बसतो, दुसरीच्या पातळीचा परिच्छेद वाचायला देतो. तीही प्रमाणितच, सगळ्यांना सारखी. पण मुलाला तिच्यातून काही मिळत नाही, शाळेचं काही जात नाही. म्हणून तिचे क्लास निघाले नाहीत आणि तिचा आकडा अजून खरा वाटतो.

[व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी एक]

प्रश्न: बाई, मग ते वीस गुण ठेवायचे की काढायचे?

ठेवायचे. पण माझ्या मुलांचे मी द्यायचे नाहीत. बारावी विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला बाहेरचा परीक्षक येतो की नाही? तसं परळच्या बाईने गिरगावात जावं, गिरगावच्या सरांनी परळला यावं. एक दिवस आणि बसचं तिकीट, एवढाच खर्च. आणि ते गुण अकरावीच्या बेरजेत धरू नयेत, गुणपत्रिकेवर वेगळी श्रेणी म्हणून छापावेत.

तुम्ही मान हलवताय, तुमचा आक्षेप कळला मला. ज्या विषयांना नुसती श्रेणी असते, त्यांच्या तासाला गणित घेतात. खरं आहे. आमच्या शाळेत शारीरिक शिक्षणाचा तास फेब्रुवारीत बीजगणिताचा व्हायचा, आणि मराठीसाठी तो मीही मागून घेतलाय. बेरजेत धरले की गुण फुगतात, नाही धरले की तास जातो. त्यातल्या त्यात मी तास जाण्याचा धोका पत्करीन. जानेवारी २०२० मध्ये वीस गुण परत आल्यावर मी गिरणीचं ते काम पुन्हा दिलं होतं. चौपन्न मुलांपैकी एकवीस जणांना विचारायला आजोबा मिळाले नाहीत. तेव्हा शेजारच्या इमारतीतले एक माजी साचेवाले वर्गातच येऊन बसले आणि एकवीस जणांनी त्यांनाच प्रश्न विचारले. त्या दिवशी कोणाला किती गुण द्यायचे ते मला ठरवता आलं नाही. सगळ्यांना अठरा दिले.