टोळीबाहेरच्या माणसाचा वाली कोण?

इस्लामपूर्व मक्केत राजा नव्हता की न्यायालय नव्हते. माणसाचे रक्षण करी ती त्याची टोळी. ज्याला टोळी नाही, त्याच्या रक्ताला किंमत नाही. म्हणून दुबळे लोक बलाढ्य टोळीशी शपथेचा करार करीत. त्याला 'हिल्फ' म्हणत.

एका येमेनी व्यापाऱ्याचे पैसे मक्केतील एका प्रतिष्ठिताने बुडविले. तेव्हा काही कुरैश घराण्यांनी 'हिल्फ-उल-फुदूल' केला: पीडित कोणत्याही टोळीचा असो, त्याच्या बाजूने उभे राहायचे. तरुण मुहंमद तेथे हजर होते, असे परंपरा सांगते. पुढे इ.स. ६२२ च्या हिजरतीनंतर मदिनेच्या करारनाम्याने टोळ्यांच्या वर एक समुदाय उभा केला. तोच 'उम्मा'.

पण टोळी मेली नाही. उमय्या राजवटीत (६६१-७५०) इस्लाम स्वीकारलेल्या इराण्यालाही अरब टोळीचा आश्रित व्हावे लागे. अशा आश्रितांना 'मवाली' म्हणत. मुसलमान होऊनही कित्येकांकडून जिझिया वसूल केला जाई. हाच असंतोष खुरासानात पेटला आणि ७५० मध्ये उमय्यांची सत्ता कोसळली.

मराठीतला 'मवाली' मूळ याच अरबी शब्दाचा. आश्रिताचे नाव शिवी व्हावे, यातच सारे आले! समता नुसती जाहीर करून भागत नाही. कुळाचा गर्व मोडावा लागतो.