टोमॅटोचे बी घरी कसे धरावे?



दोडका, दुधी, भेंडी यांचे बी धरणे आपल्या घरांना नवे नाही. एक चांगले फळ तोडायचे नाही, ते जून होऊ द्यायचे, वळचणीला टांगायचे आणि पुढल्या पावसाळ्याला त्यातले बी काढून घ्यायचे. टोमॅटोचे मात्र असे जमत नाही. फळ टांगले तर सडते. म्हणून पुष्कळ जण, टोमॅटोचे बी विकतच आणायचे, असे धरून चालतात. दर वेळी तशी गरज नाही. पण कोणते बी धरावे नि कोणते धरू नये, हे आधी समजून घेतले पाहिजे. इथे चुकले तर अख्खा हंगाम हातचा जातो.

पहिली गोष्ट जातीची. आपला टोमॅटो सरळ वाणाचा की संकरित? बियाण्याच्या पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असे छापलेले असेल, तर त्याचे बी धरू नका. बाजारासाठी लावला जाणारा बहुतेक टोमॅटो आज संकरित असतो. त्याचे बी उगवत नाही असे नव्हे, पण दोन वाणांचे एकत्र आलेले गुण पुढच्या पिढीत निरनिराळे वाटले जातात. एका झाडाला मोठे फळ, शेजारच्याला बोराएवढे. एक झाड रोगाला टिकते, दुसरे माना टाकते. परसात चार झाडे लावून गंमत पाहावी, एकरभर लावून कर्ज करून घेऊ नये. पुसा रुबी, बंगळूरचा अर्का विकास, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे सरळ वाण आहेत. यांचे बी आईबापांवर जाते. टोमॅटोचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. तरीही दुसऱ्या जातीपासून २५ मीटर अंतर राखलेले बरे.

दुसरी गोष्ट निवडीची. पाटीतले मोठे फळ उचलून बी काढू नका. निवड झाडाची करावी. फळे लागायला सुरुवात झाली की दहा-बारा निरोगी, भरपूर धरलेली झाडे हेरा आणि त्यांना रंगीत चिंधी बांधा. बोकड्या पडलेल्या किंवा मर लागलेल्या झाडाला एखादे देखणे फळ असले, तरी ते वर्ज्य.

आता हंगाम म्हणाल, तर आपल्याकडे रब्बीचे पीक यासाठी सोयीचे. नीरेच्या डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा असो की इंदापूरकडची कोरडी जमीन, माघ-फाल्गुनात हवा कोरडी असते आणि बी चांगले वाळते. पावसाळ्यात तेच बी बुरसते.

आता कृती ऐका. झाडावरच पूर्ण लाल झालेली फळे घ्या. आडवी कापा आणि गर बियांसकट मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात पिळा. तांब्यापितळेचे भांडे नको, आंबटाने ते कळकते. पाणी घालू नका. वर फडके बांधून सावलीत ठेवा आणि दिवसातून दोनदा ढवळा. बीभोवती जो बुळबुळीत थर असतो, तोच फळातल्या ओलीत बी उगवू देत नाही. आंबवण्याने तो सुटतो. उन्हाच्या दिवसांत एक ते दोन दिवस पुरतात, थंडीत तीन लागतात. बी बोटांत चोळून पाहा; बुळबुळ गेली की काम झाले. जास्त ठेवाल तर भांड्यातच मोड येतील. मग भरपूर पाणी ओता. पोकळ बी वर तरंगेल, ते सांडून द्या. तळाचे बी तीन-चार वेळा धुवा आणि फडक्यावर पसरा. कागदावर नको, चिकटते. सावलीत वाऱ्यावर वाळवा, शेवटी सकाळचे कोवळे ऊन द्या. आपल्याकडचे दुपारचे ऊन बियाला सोसत नाही.

खडखडीत वाळलेले बी कागदी पुडीत बांधून घट्ट झाकणाच्या बाटलीत, थंड जागी ठेवा. पुडीवर जात आणि तारीख लिहायला विसरू नका. चुलीवरच्या फळीवर ती ठेवू नका. असे नीट राखलेले बी तीन वर्षे तरी टिकते.

गुरुजनहो, आता तुमचे काम. पेरणीच्या पंधरा दिवस आधी मुलांकडून शंभर बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून घ्या. फडके ओलसर ठेवा आणि रोज मोड मोजू द्या. दोन आठवड्यांत सत्तर उगवल्या तर बी पेरण्याजोगे. प्रमाणित बियाण्याचीही तीच किमान कसोटी आहे. शेजारच्या वाफ्यात संकरिताचे बी लावा. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावरून जे मांडले, ते मुलांना फळ्यावाचून समजेल.

शेवटी हक्काची गोष्ट. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी ब्रँड लावून विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची सुरुवातही घरातल्या बियांपासूनच झाली.

तेव्हा यंदा दहा झाडांना चिंधी बांधा. मोठा मळा नंतर. आधी परसातल्या वाफ्यापुरते बी आपले असू द्या. राम राम!